गाठ पाठीवर

नातवाच्या पोहण्याच्या क्लासची यादी परवा माझ्या हातात पडली. टोपी, गॉगल, कानात घालायचे बोळे, फळी, टॉवेल, डॉक्टरांचा दाखला. एकवीस दिवसांची बॅच, रोज पाऊण तास. यादी दोनदा वाचून मी सुनेला विचारलं, "आणि दोर?"

"कसला दोर, आई?"

तिचं काही चुकलं नाही. तलावाला निळ्या फरश्या आहेत, काठावर शिट्टी घेतलेले सर आहेत, उथळ बाजूला पोराची छाती पाण्याबाहेर राहते. दोर कशाला लागेल?

१९६६ च्या मे महिन्यात मी नऊ वर्षांची होते आणि माझ्या यादीत तीनच गोष्टी होत्या. कासरा, बिंडा आणि मामा. गाव माण तालुक्यातलं, दहिवडीपासून चार कोसांवर. निकाल लागला की आई आम्हा तिघा भावंडांना एसटीत बसवून द्यायची आणि सव्वा महिना आमच्याकडे ढुंकून बघायची नाही. मामाच्या मळ्यात आम्ही मावस-मामे मिळून अकरा पोरं. मामीला दोन वेळच्या भाकऱ्यांतून मान वर करायला फुरसत नसे. एवढ्या पोरांना दिवसभर गुंतवून ठेवायला तिथे ना गोष्टीची पुस्तकं होती ना खेळणी. विहीर होती.

बिंडा म्हणजे घायपाताच्या दांड्यांची मोळी. घायपाताला आयुष्यात एकदाच फुलोरा येतो आणि काटेरी पानांच्या मधून विजेच्या खांबासारखा दांडा वर जातो. फुलोरा वाळला की झाड मरतं आणि दांडा उरतो, आतून भेंडासारखा हलका. मामा तो थंडीतच तोडून माळवदावर वाळत टाकायचा. हातभर लांबीचे सात तुकडे, सुंभानं आवळून बांधलेले, हा नवशिक्याचा बिंडा. कुठे पांगाऱ्याचं लाकूड वापरत, नदीकाठी वाळवलेले भोपळे, आणि पुढे तेलाचे रिकामे डबे झाळून घेत. काम एकच, पोर पाण्यावर ठेवणं.

पण मामाची खरी हुशारी बिंड्यात नव्हती, तो सोडण्यात होती. पहिले दोन दिवस सातही दांडे. तिसऱ्या दिवशी एक काढायचा. मग दर एक-दोन दिवसांनी एकेक कमी. त्यामुळे विहिरीवर पोरांची इयत्ता दांड्यांवरून ठरे. "मी चारवर आले" म्हणजे माझ्या पाठीवर चारच दांडे उरले. दोनवर असलेलं पोर सातवाल्याकडे पाचवीतलं पोर बिगरीतल्याकडे बघतं तसं बघायचं. मी पुढे सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, शेकड्यांनी पाठटाचणं काढली, साहेबांच्या सह्या घेतल्या. त्या सात दांड्यांइतकं नेमकं टाचण मला एकदाही जमलं नाही.

दुसरी गोष्ट गाठीची. बिंडा कमरेला बांधायचा, कासऱ्याचे दोन वेढे द्यायचे आणि गाठ पाठीवर मारायची. पोटावर कधीच नाही. "घाबरल्यालं पोर पयलं काय करतं? हाताला जे घावंल ते वडतं. पोटावरची गाठ घावली, की संपलं," मामा म्हणायचा. गाठ मारून झाली की तो स्वतः दोन हिसके देऊन बघायचा, मग आमच्यातल्याच थोरल्याला बघायला लावायचा. दोघांनी बघितल्याशिवाय पायरी उतरायची नाही.

आता हे सगळं उन्हाळ्यातच का? सुट्टी होती म्हणून, हे अर्धं उत्तर झालं. कोकणात पोरं पावसाळ्यात पोहायला शिकत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यातला भित्रा श्याम पोहायचं टाळून लपून बसतो आणि आई त्याला फोकानं बडवून विहिरीवर धाडते, ती पावसाळ्यातली गोष्ट आहे. कारण पालगडच्या बाजूला विहिरी पावसात काठोकाठ भरतात. पाणी हाताशी असतं, पडायचं अंतर नसतं. आमच्याकडे देशावर उलटं. पावसाळ्यात विहिरीला गढूळ पाझर, पोरं शाळेत, माणसं पेरणीत. दिवाळीनंतर पाणी निवळतं, पण थंडी. मे महिन्यात पाणी तळाला जातं, आरशासारखं स्वच्छ होतं आणि वर चाळीसच्या पुढचं ऊन असतं. पाणी कमी म्हणजे धोका कमी, असं मात्र नाही. मामाची विहीर सात परस खोल. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला पुरुष. मे महिन्यात त्यात अडीच परस पाणी उरे. म्हणजे पोराला बुडायला पुरून उरेल एवढं, आणि पाण्यापर्यंत पोचायला साडेचार परस खाली उतरायचं.

उतरायला पायऱ्या होत्या, आणि सगळी गोष्ट त्या पायऱ्यांची आहे.

विहीर मोटेची होती. वरच्या तोंडाला थारोळं, म्हणजे मोट ओतायची दगडी कुंडी. थारोळ्यापासून मागे उताराची धाव, बैल तिच्यावरून खाली उतरत आणि मोट वर येई. जाड नाडा मोटेला, बारीक सोंदूर तिच्या सोंडेला. विहिरीचा वरचा भाग घडीव दगडात बांधलेला, मुरूम संपून कातळ लागला की बांधकाम थांबलेलं. जिथे बांधकाम संपे तिथे वीतभर रुंदीचा टप्पा सुटलेला. एका अंगानं पायऱ्या थेट पाण्यात गेलेल्या, इतक्या की मे महिन्यातसुद्धा शेवटच्या चार पाण्याखालीच असत. समोरच्या भिंतीतून पाय ठेवण्यापुरते दगड बाहेर काढलेले.

हे पोरांसाठी कुणी बांधलं नव्हतं. मोटेच्या विहिरीत माणसाला उतरावंच लागे. दरसाल गाळ काढायचा, कपारीत उगवलेली पिंपळाची रोपं उपटायची, आणि मुख्य म्हणजे नाडा तुटला की चामड्याची मोट लोखंडी कड्यासकट तळाला जायची. ती काढायला कुणीतरी बुडी मारून तिला दोर अडकवायचा. ज्याच्या घरी बुडी मारणारं कुणी नाही, त्याची मोट शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर. तेव्हा मळेकऱ्याच्या पोराला पोहणं यायलाच हवं, जसं बैल जुंपणं यायला हवं. आमची मे महिन्याची मजा ही मुळात धंद्याची शिकवणी होती. गावातल्या बायकांच्या कळशा आडात पडत, त्या काढायला गळ टाकत. गळाला नाही लागली की कुणाच्या तरी पोराला हाक. काढून दिली की गुळाचा खडा मिळे.

साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. शिलालेखात तिचं बांधकाम शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ असं दिलं आहे. वीरूबाई भोसल्यांनी ती बांधली. अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल, मध्ये चक्क राजवाड्यासारखं दालन. सहलीला मी पोरांना तीन-चार वेळा तिथे नेलं. पोरं कोरलेले वाघ-हत्ती बघत, गाईड मोटा मोजून दाखवी. मी मात्र दरवेळी पायऱ्या बघत बसे. राजघराण्याच्या विहिरीतही पाण्यापर्यंत माणूस चालत जाईल अशी सोय आहे. त्या दालनातल्या बायांपैकी कुणी कधी पाण्यात उडी टाकली असेल का, हा माझा आवडता निरर्थक प्रश्न.

पोहायची वेळही मोटेनं ठरवलेली. पहाटे मोट धरायची, मिरची-वांग्याचा तुकडा आणि कडवळ भिजवायचं. दहाच्या सुमाराला मोट सुटे, बैल सावलीला जात. तिथून पुढे विहीर आमची. पण सूर्य डोक्यावर आला की बाहेर. विहिरीच्या कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड होते, साती आसरा. ऐन बारा वाजता आसरा पाण्यावर येतात आणि पोर ओढून नेतात, हे मामीनं सांगितलेलं. मोठेपणी मी ही अंधश्रद्धा म्हणून वर्गात खोडून काढली आणि नंतर जरा ओशाळलेही. बारा वाजता मोठी माणसं जेवून आडवी होत. विहिरीवर नजर ठेवायला कुणी नसे. ज्या वेळी वाचवणारा नाही, नेमक्या त्याच वेळी आसरा वर येत. आसरा हे आमचं वेळापत्रक होतं आणि शिपाईही.

पायऱ्यांनी अभ्यासक्रम ठरवला होता तो असा. आधी पाण्यालगतच्या पायरीवर बसून पाय हलवायचे. मग बिंडा बांधून कुत्र्यागत हात मारत पायरीपासून समोरच्या दगडापर्यंत. मग तिकडून परत. सात दांडे संपले की विहिरीला कडेनं पूर्ण फेरी. मग उड्या. पायरीवरून, मग टप्प्यावरून, शेवटी थारोळ्यावरून. उडीतही प्रतवारी होती. पाय सोडून उभी उडी नवख्याची. गुडघे छातीशी घेऊन मुटका मारला तर पाणी थारोळ्यापर्यंत उडालं पाहिजे. सूर मारणारा सगळ्यात वरचा. पोट पाण्यावर आपटलं तर लालभडक पोट घेऊन दोन दिवस मिरवावं लागे. आणि शेवटची परीक्षा, तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचं. मूठ उघडून दाखवायची. काळा, थंड, शेवाळाच्या वासाचा गाळ. नुसतं "मी तळाला गेलो" कुणी ऐकून घेत नसे.

वर बाभळीला सुगरणीची घरटी टांगलेली. कपारीत पारवे, आपण उडी मारली की फडफडत वर जाणारे. मधूनच एखादं दिवड मान वर काढून पाणी कापत जायचं. बिनविषारी आहे हे माहीत असूनही विहीर एका क्षणात रिकामी व्हायची.

मुलींचं वेगळं होतं. आम्ही चौघी. परकर-पोलक्यातच पाण्यात उतरायचं. परकरात हवा भरून त्याचा फुगा झाला की दोन दांड्यांचं काम तो एकटा करी, म्हणून मामा मुलींना आधी परकराचा काचा मारायला लावी. फुगा करून पोहणं म्हणजे कॉपी, असं त्याचं मत. थोरली मामेबहीण माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. थारोळ्यावरून सूर मारणारी ती एकटीच मुलगी. १९६७ च्या मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा ती काठावर बसून आमचे कपडे राखत होती. मी ओढायला गेले तर मामी म्हणाली, "ती आता मोठी झाली." मोठी झाली म्हणजे काय ते मला तीन वर्षांनी कळलं, तेव्हा मीही काठावर होते. गाळ काढायची परीक्षा माझी राहूनच गेली. मामानं शिकवताना मुलगा-मुलगी केलं नाही हे खरं, पण काठावर बसवताना तो आडही आला नाही.

आणि आणखी एक गोष्ट, जी मला तेव्हा दिसलीच नव्हती. सन २००० च्या सुमाराला शाळेत माझे एक सहकारी होते, त्याच भागातले, माझ्याच वयाचे. मधल्या सुट्टीत पोहण्याच्या गप्पा निघाल्या. मी विहिरीचं पुराण लावलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "बाई, आम्ही खाणीत शिकलो." रस्त्याच्या खडीसाठी खणलेली खाण, पावसाचं साचलेलं पाणी, ना पायरी ना टप्पा, तळाला धारदार दगड. त्यांच्या वस्तीतल्या पोरांना मळ्यातल्या कुठल्याच विहिरीत उतरू देत नसत. १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला, आणि आम्ही अकरा पोरं १९६६ साली त्या स्वच्छ पाण्यात डुंबत होतो. मामाला हे टाचण सगळ्या गावासाठी काढता आलं असतं. त्यानं ते काढलं नाही, आणि आमच्यापैकी कुणी विचारलंही नाही. त्यांना शिकवायला कोण होतं, असं मी विचारलं. "थोरला भाऊ. तोही तसाच शिकलेला." मग ते हसून म्हणाले, "पण बुडी तुमच्यापेक्षा लांब मारायचो. खाणीत वर यायला जागा शोधावी लागते."

१९७२ च्या दुष्काळानं विहिरीचा तळ उघडा केला. तसा तो दोन वर्षं आधीपासूनच वर येत होता. १९७३ च्या मे महिन्यात मी सोळा वर्षांची होते. मामा खडी फोडायच्या कामावर जात होता, मामी मिलोच्या लालसर भाकरी थापत होती, आणि विहिरीत घोटाभर चिखल होता. सगळी पोरं खाली उतरली. मीही उतरले, कुणी अडवलं नाही, कारण पाणीच नव्हतं. ज्या समोरच्या दगडापर्यंत पोहत जाणं म्हणजे आमची पहिली इयत्ता होती, तो दगड चार पावलांवर होता. चिखलात आमचं सगळं सापडत होतं. पितळी फुलपात्र, बांगड्यांचे तुकडे, एक भोक पडलेला पैसा, मोटेचं गंजलेलं कडं, आणि सुंभाचा एक वेढा, कुठल्या तरी बिंड्याचा. मी मूठभर चिखल घेतला आणि वर चढून मामीला दाखवला. ती म्हणाली, "हात धू." मग म्हणाली, "राहू दे, पाणी नको घालवू."

त्यानंतर विहीर राहिली, पण ती विहीर राहिली नाही. सुरुवात खरं तर आधीच झाली होती. आमच्यापासून फार लांब नाही, त्या वेळच्या औंध संस्थानात, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिथे आधी लोखंडी नांगर झाले आणि १९२६ पासून सेंट्रिफ्यूगल पंप. मामाच्या विहिरीवर इंजिन यायला मात्र १९६९ साल उजाडलं होतं. धाव मोडून तिथे इंजिनाचं खोपटं झालं, बैलांची एक जोडी विकली. पाण्यावर डिझेलचा सप्तरंगी तवंग, भिंतीच्या कडेनं खाली गेलेला पाइप आणि त्याच्या टोकाला जाळीचा फुटव्हॉल्व्ह. मामा त्याला शेवटपर्यंत 'फुटबॉल' म्हणत असे. त्या पाइपात पाय अडकण्याच्या भीतीनं विहिरीचा अर्धा भाग पोरांना बंद झाला. पुढे वीज आली, मोटर आली, आणि ओल्या अंगानं विहिरीच्या त्या बाजूला जायलाच मनाई झाली.

मोट तळाला जाण्याचा प्रश्न उरला नाही, तशी बुडी मारणाऱ्याची गरजही उरली नाही. नव्या विहिरी सरळसोट खाली गेल्या, सिमेंटच्या कड्यांच्या. पायऱ्या नाहीत, टप्पा नाही, उतरायला फार तर भिंतीत ठोकलेल्या लोखंडी कड्या. पायऱ्यांना जागा लागते, दगड लागतो, पाथरवट लागतो. पंपाला पायरीचा काय उपयोग? आणि दुष्काळानंतर गावोगाव यंत्रं येऊन बोअर मारू लागली. सोलापूर आणि जालना या गावांची नावं त्या काळच्या हापशांना मिळाली होती. देशभर पसरलेल्या इंडिया मार्क टू हापशाच्या मुळाशी सोलापूरचाच पंप आहे. बायकांची पायपीट त्यानं वाचवली, त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण बोअर म्हणजे सहा इंचांचं भोक. पाणी आहे, दिसत मात्र नाही.

हल्लीची पोरं मोबाइलमुळे पोहत नाहीत, असं माझ्या वयाची माणसं लग्नाच्या पंगतीत ठामपणे सांगतात. मला ते पटत नाही. मोबाइल यायच्या वीस-पंचवीस वर्षं आधीच आमच्या विहिरीवरची पोरं संपली होती. पायऱ्या गेल्या, तेव्हाच ती गेली. आमच्या वेळी पोर चोरून पोहून आलं का हे आई तपासायची, दंडावर नखानं ओरखडा काढून. पांढरी रेघ उठली की पकडलो. माझ्या वर्गातल्या पोरांच्या दंडावर मी एकदा गमतीनं नख ओढलं. एकाच्याही दंडावर रेघ उठली नाही. ते साल १९९४ होतं.

मध्यंतरी जुन्या बारवांना बरे दिवस आले. तरुण मुलं सुट्टीच्या दिवशी कुदळी-घमेली घेऊन गाळ काढतात, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर पणत्या लावतात. ते फोटो मी बघते. पणत्यांच्या रांगा सुंदर दिसतात. मला मात्र पायऱ्यांवर ओली पावलं हवी असतात, हा माझा हट्ट.

आता आमच्या भागात पाणी पुन्हा उघड्यावर आलं आहे, वेगळ्या रूपात. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि डाळिंबाच्या बागांशेजारी काळ्या प्लास्टिकची तळी चमकू लागली. लांबून स्विमिंग पूलच वाटावीत. पण त्यांचे चारी काठ उताराचे आणि प्लास्टिक शेवाळलेलं. एकदा पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. हात धरायला कपार नाही, पाय टेकायला दगड नाही. पोरं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, आणि त्यातली काही पोरं पोहणारी असतात.

मामा गेला त्याला आता बारा वर्षं झाली. मामेभावाचं शेततळं आहे. नातवाचा क्लास सुरू व्हायच्या आधी आठ दिवस मी त्याला घेऊन तिकडे गेले. तळ्याला तारेचं कुंपण होतं, फाटकाला कुलूप होतं, एवढं बरं. आत चारी बाजूंनी दोर सोडावेत आणि त्यांना ट्रकच्या जुन्या ट्यूब बांधाव्यात, असं मी भावाला फोनवर तीनदा सांगितलं होतं. त्यानं ते केलं होतं. काठावर लोखंडी पहारी ठोकून प्रत्येकीला एक दोर, दोराला हात-हात अंतरावर गाठी, टोकाला ट्यूब.

नातू म्हणाला, "आजी, इथे पोहायचं का?"

"नाही," मी म्हटलं. "आधी बघायचं."

भावानं पहिल्या पहारीची गाठ ओढून दाखवली. मी चपला काढल्या, दोर मुठीत धरला आणि दोन हिसके दिले. मग नातवाला म्हटलं, "आता तू." तो सगळं वजन टाकून मागे रेलला. गाठ हलली नाही. मग आम्ही दुसऱ्या पहारीकडे गेलो. एकूण आठ होत्या. सहावीची गाठ सुटली.